माझी मुलगी कैदी नव्हती

माझ्या जावेनं कपाशीवर फवारायचं औषध पिऊन जीव दिला, तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. जावेच्या माहेरच्यांनी घरातल्या सगळ्यांवर केस केली. दीर, सासू, नवरा आणि मी. मी तिला कधी छळलं नाही. पण ती रडायची ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मी उठून गेले नाही, हेही खरंच आहे.

सौंसरच्या कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, "बच्ची को कौन रखेगा?"

आई बोरगावला अंथरुणाला खिळलेली होती. सासरी कोणीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याजवळ राहील."

जेल बसनं तीन तासांवर. फाटकावर माझ्या बोटांचे ठसे घेतले, तर मुलीनं आपलीही बोटं पुढे केली. पहारेकरीण हसली, "तू कैदी थोड़े ही है." रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिलं, 'साथ में एक बच्ची'. तिचं नाव कोणी विचारलं नाही.

आत दुपारी बारा वाजता बंदी व्हायची. आम्हा बायकांना मोजून बराकीत घालायचे, बाहेरून कुलूप, ते तीनला उघडायचं. सुरुवातीला पोरगी गजांना धरून रडायची. महिन्याभरात रडणं थांबलं. बाराची घंटा झाली की आपणहून आत येऊन भिंतीला टेकून बसायची. तिच्या रडण्यापेक्षा मला या शहाणपणाची भीती वाटायची.

उन्हाळ्यात तिला ताप आला. डॉक्टर सकाळी येणार होता, आला नाही. एक गोळी मिळाली. बारा वाजता आम्हाला आत घातलं, तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मी पदर भिजवून कपाळावर ठेवला. थोड्या वेळानं तिचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि हातपाय झटके खाऊ लागले.

मी ओरडले. सगळ्या बायका ताटं घेऊन गजांवर आपटू लागल्या. जन्मठेपेची एक म्हातारी होती, तिनं पोरीला कुशीवर वळवलं आणि मला दटावलं, "तोंडात बोट घालू नोको. ओल्या फडक्यानं पुसत राह्य."

पहारेकरीण धावत आली, पण रिकाम्या हातानं. किल्ली मोठ्या साहेबाकडे होती आणि साहेब जेवायला घरी गेले होते. ती बाई गजांच्या पलीकडे उभी राहून रडत होती. झटके थांबायचे, मी देवाचं नाव घ्यायची, पुन्हा सुरू व्हायचे. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. ताटांचा आवाज मात्र एकदाही थांबला नाही.

कुलूप उघडलं तेव्हा ती निपचित पडली होती. दवाखान्याच्या गाडीत मी चढू लागले तर मला खाली उतरवलं. माझ्यासोबत पाठवायला पोलीस नव्हते. माझं लेकरू परक्या बायांच्या मांडीवर गेलं आणि ते जिवंत आहे की नाही, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

आठ दिवसांनी ती परतली. आधी पूर्ण वाक्यं बोलायची, आता दोन-तीन शब्दांवर अडत होती. त्याच आठवड्यात मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मुलगी आईच्या मर्जीनं जेलमध्ये राहते, तिच्या तब्येतीची सारी जबाबदारी आईची, जेलविरुद्ध काही तक्रार नाही.

"दस्तखत कर दो," साहेब म्हणाले. "तुम्हारा आदमी भी इधर ही है, सोच लो."

मी बारावी शिकलेली. कागद दोनदा वाचला. पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. म्हटलं, "उद्या करते."

बराकीत म्हातारी म्हणाली, "सही करशीन तं उद्या दुसरीचं पोरगं मरन."

गुरुवारी सरकारकडून मिळालेल्या वकीलबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते, हा नियमच आहे. दूध, लस, डॉक्टर हे सरकारनं द्यायचं. राज्याचा नवा जेल कायदा आला, त्यातही या लेकरांचा विचार आहे. तुम्ही कैदी आहात, ती नाही. सरकारनं तिला कुलपात ठेवलं, तर तिच्या जिवाला सरकारच जबाबदार."

मी सही केली नाही. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. नवऱ्याला पुरुषांच्या बाजूला काही करतील, मला दूरच्या जेलात पाठवतील, मुलीला माझ्यापासून काढून नेतील. रोज सकाळी वाटायचं, आज करून टाकू. केली नाही.

दीड वर्षानं नवरा, सासू आणि मी निर्दोष सुटलो, दीर आतच राहिला. वकीलबाईंनी मुलीसाठी सरकारवर घातलेली केस वरच्या कोर्टात चालूच होती. तिथं सरकारच्या वकिलानं मला विचारलं, "मुलीला आत तुम्हीच नेलं ना?"

"हो. पण बाहेरून कुलूप मी नव्हतं लावलं."

मागच्या हिवाळ्यात निकाल आला. उपचार आणि भरपाई सरकारनं द्यावी, बायकांच्या बराकीची किल्ली बंदीच्या वेळी तिथंच ठेवावी. त्या जेलात ती खरंच ठेवतात का, मला माहीत नाही. फाटकापर्यंत जाऊन विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

आता आम्ही पांढुर्ण्यात राहतो. मी संत्री निवडायच्या कामावर जाते. मुलगी दुसरीत आहे, अडखळत बोलते, पण बोलते. परवा शाळेतून फोन आला, तिला बारीक कणकण आहे. मी चप्पल न घालताच धावले. पोहोचले तर ती डबा खात बसलेली.

"ताई, एवढ्या काऊन भिऊन राहिल्या?" मॅडमनी विचारलं.

मी हात लावून तिचं कपाळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.