आकाशपाळण्यात कोण बसणार

आज दुपारी आमच्या मुलुंडच्या घरी थीम पार्कच्या सहलीचं प्लॅनिंग चाललं होतं. नात दोन वर्षांची, म्हणून आधी तिची झोप, तिचा मऊ भात, मग राइड्स.

"आई, तू पिल्लूला घेऊन सावलीत बस. आम्ही दोघं आकाशपाळण्यात बसून येतो," मुलगा म्हणाला.

कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टर आम्हाला जत्रेत न्यायच्या, पण पाळणा खालूनच दाखवायच्या. वाटलं, मी अजून तिथंच मान वर करून उभी आहे.

"मलाही बसायचंय रे."

"अगं, तुला चक्कर येईल."

सून हसली. "पिल्लूजवळ मी थांबते. आई, तुम्ही जा. हा घाबरला तर हात धरा त्याचा."

मैत्रिणींनो, पाळणा अगदी वर थांबला की डोळे मिटायचे, की उघडे ठेवायचे?