पेंढा भरलेलं चाक

माझ्या थोरल्या मुलीला घटसर्प झाला तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. जर्मनची लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी जुन्नरला इंग्रजी शाळेत मास्तर होतो. आमच्या घराण्यात पाटीवर अक्षर काढणारा पहिला मीच, आणि बी.ए. झालेला तर आसपासच्या गावांतही पहिला. हे मी तेव्हाही मोठ्यानं सांगायचो, आजही सांगतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण त्या दिवशी मी जितका भ्यालो तितका कुठल्याही परीक्षेला भ्यालो नव्हतो.

बायको मुलीला घेऊन दिवाळीला माहेरी गेली होती. तिचं माहेर कळंबच्या पश्चिमेला, घोड नदीच्या अंगाला. सकाळी सासऱ्यांचा गडी निरोप घेऊन आला: पोरीचा घसा सुजलाय, आत पांढरं धरलंय, पाणीही उतरत नाही. मी तसाच दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "इकडे आणूच नका. ह्याची लस माझ्याकडे नाही, पुण्याला आहे. सरळ पुणं गाठा. आणि मास्तर, उद्यावर टाकू नका."

बैलगाडीनं पुणं म्हणजे दोन मुक्काम. जुन्नरात तेव्हा मोटारी अगदी मोजक्या. त्यातली एक माझ्या शेजारच्या मुसलमान व्यापाऱ्यांची; त्यांचं बाजारात लोखंडाचं दुकान होतं. मी दारात उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी पुतण्याला हाक मारली. "मोटार काढ. मास्तरांची बच्ची आजारी आहे." बस्स, एवढंच. पुतण्या मुंबईत मोटार शिकून आलेला, वीस-बावीस वर्षांचा, बोलायला तिखट.

नारायणगावच्या पुढं खिळा लागून एक ट्यूब गेली, जवळची जादा ट्यूब तिथंच घातली. कळंबजवळ नाशिकचा रस्ता सोडला आणि पुढं रस्ता असा नव्हताच. जाताना काढणी झालेल्या वावरांतून, बांधांवरून, धक्के खात कसेबसे पोचलो. मुलगी बायकोच्या मांडीवर होती. श्वास घेताना गळ्याजवळ खड्डा पडायचा आणि लाकूड कापल्यासारखा आवाज यायचा. बायकोनं मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "किती उशीर केला."

परत निघताना मेहुणा मोटारीच्या पायरीवर उभा राहिला. शर्यतीचे बैल हाकणारा गडी तो, त्या वाटेचा खडान्‌खडा त्याला माहीत. म्हणाला, "दाजी, वावरातनं नगं, पोरीला लई धक्कं बसत्यात. गाडीवाटंनं घेऊ. भाई, चाकोरीत घाल मोटार अन् सोडू नगंस."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. आमच्यात कुणाला पटलं नसतं? जन्मभर बैलगाडी हाकलेल्या माणसांचं पहिलं सूत्रच ते. चाकं चाकोरीत पडली की बैलाला ओढ कमी, माणसाला धक्का कमी. पण बैलगाडीचा आस असतो कमरेएवढ्या उंचीवर, आणि मोटारीचं पोट जमिनीला टेकलेलं. शिवाय तिची चाकं बैलगाडीच्या चाकांपेक्षा जवळजवळ. पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. एक चाक आत, दुसरं काठावर घासत, असे आम्ही चाललो. रबराला काठ करवतीसारखा लागत होता आणि ते इंजिनाच्या गोंगाटात कुणालाच कळलं नाही.

त्या गोंगाटानं मला दुसरीच भीती घातली होती. मुलीचा श्वास ऐकू येत नव्हता. मी पुढं बसलेला, सारखा मागं वळायचो. बायको तिच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. तिनं मान हलवली की मी पुढं बघायचो.

मग खालून मोठा तडाखा बसला. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यात धोंडा होता. पाठोपाठ बार झाल्यासारखा आवाज आला, मोटार डावीकडं कलली आणि बंद पडली. त्या शांततेत पहिला आवाज आला तो मुलीच्या श्वासाचा. इतका वाईट आवाज, पण तो ऐकून माझे डोळे भरून आले.

खाली उतरून बघितलं. डावं पुढचं टायर बाजूनं फाटलेलं, आतली ट्यूब चिंध्या झालेली. आणि पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा लोखंडी दांडा धनुष्यासारखा वाकलेला. त्यामुळं चाकं पुढून फाकली होती.

पुतण्या कपाळाला हात लावून म्हणाला, "बघा मास्तर! एक चाक पुण्याला निघालंय, दुसरं नाशिकला. तुमचे पावणे म्हणजे उस्ताद माणूस!"

"आरं, मला काय ठावं हिचं प्वाट एवढं खाली व्हतं!" मेहुणा रडकुंडीला आला होता.

"भांडू नका," मी म्हणालो. "आधी दांडा सोडव."

पान्यानं दांडा सोडवला, धोंड्यावर ठेवून मेहुण्यानं हातोड्यानं ठोकला. सरळ दिसायला लागला, पण दिसण्यावर काय भरवसा? मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. दोन रेघा समांतर आहेत की नाहीत हे मात्र मला कळत होतं, त्यासाठीच बापानं मला शिकवलं होतं. दांडा बसवल्यावर मी जवळच्या खळ्यावरून बैलाचा कासरा मागवला. चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, गाठ मारली. तेवढ्याच उंचीवर मागून मोजलं. गाठ जुळेना. दांडा पुन्हा काढला, पुन्हा ठोकला. पुन्हा मोजलं. शेवटी बोटभराचा फरक राहिला.

"चालेल," तो म्हणाला.

"चालेल का?"

"नाही चाललं तर काय करणार, मास्तर? बसा."

ट्यूबच नव्हती, तेव्हा त्याच खळ्यावरून भाताचा पेंढा आणला. पाणी मारून, गोणपाटात गुंडाळून तो टायरात ठासून भरला आणि वरून सुंभ आवळला. बायको एकदाच बोलली, "अहो, हिचे ओठ निळे पडायला लागलेत."

मंचरपर्यंत रस्ता सपाट होता, निभलं. पण मोटार डावीकडं ओढत होती, हट्टी बैल एका अंगाला ओढतो तशी. पुढं खेडचा घाट. चढ निघाला, उतार लागला, आणि दरी डावीकडंच. पुतण्याचे दोन्ही हात मोटार वळवायच्या चक्रावर, तरी मोटार काठाकडं सरकत होती. मी बाजूनं हात घालून त्याच्याबरोबर चक्र उजवीकडं ओढू लागलो. मेहुणा मोठा धोंडा छातीशी धरून पायरीवर उभा. गाडी उताराला सुटली तर चाकाखाली टाकायची आमची रीत. पण धोंडा टाकायला तो उतरणार कसा, हे मी त्याला विचारलं नाही.

मधल्या वळणावर जळका वास आला. पेंढा घासून तापला होता, टायरातून धूर निघत होता.

"थांब!" मी ओरडलो.

"उतारावर थांबत नाही ही लवकर!" तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला.

एका बाजूचं चाक काठाच्या मुरमावर गेलं. खडे खाली घरंगळताना दिसले. मी डोळे मिटले. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कुणीही मिटले असते. मोटार कठड्याच्या दगडाला घासत घासत थांबली आणि मेहुण्यानं उडी मारून धोंडा चाकाखाली सरकवला. बायकोनं न विचारता पायाशी ठेवलेली पाण्याची कळशी पुढं केली. चाकावर पाणी ओतलं, फस्स करून वाफ निघाली. पुतण्यानं चक्रावरचे हात काढले आणि पुन्हा ठेवले. तळव्यांचा घाम पुसायला गेला, पण पुसायचं विसरला.

खेडला टांगेवाल्यांच्या अड्ड्यावरून पेंढा घेऊन चाक पुन्हा भरलं. तिथून पुण्यापर्यंत आम्ही कुणाला विचारलं, कुठून वळलो, मला आठवत नाही. बायकोचं ते नाकाखालचं बोट तेवढं आठवतं.

इस्पितळात लस टोचली. डॉक्टर गोरा साहेब होता, मी त्याच्याशी इंग्रजीत बोललो. विचारलं, वाचेल का? तो म्हणाला, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, पुतण्या आणि मेहुणा इस्पितळाच्या अंगणात मोटारीचं चाक सोडवत होतो. आत बसवतच नव्हतं. बायको व्हरांड्यात आल्याचं पावलांवरून कळलं. मी मान वर केली नाही. नटाला पाना लावून तसाच बसून राहिलो, कारण तिचं तोंड बघायची हिंमत होत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "दूध प्याली. आणि आता भाकर मागतीय."

मेहुणा मातीतच खाली बसला. मी म्हणालो, "काय?"

ऐकू आलं होतं. पण मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.