आत्याच्या विमानाचं झाकण

आमची आत्या पर्स शिवायची. खोलीत जिकडंतिकडं कापडाचे तुकडे, मधे मशीन, आणि पर्स टक्कन बंद होते ना, त्या चुंबकाच्या बटणांचा डबा. लोंबता दोरा दिसला की तिचा हात शिवशिवायचा. जेवत्या माणसाच्या शर्टाचा दोरासुद्धा दातानं तोडायची. अशी होती. होती लिहायला अजून जड जातंय.

आतोबांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, रिमोटच्या विमानांचा भारी नाद. तीपण त्यांच्याकडून उडवायला शिकली. शेवटच्या विमानाचे पंख झाले, रंग झाला आणि आतोबा गेले. रिमोटचं ऐकणारा आतला रेडिओ, म्हणजे रिसिव्हर, बसवायचा राहिला होता. तो आत्यानं बसवला. पोटावरच्या झाकणाला स्क्रूच्या जागी आपली पर्सची बटणं लावली. टक्कन उघडतं, टक्कन बसतं. स्वतःवरच खूश झाली.

रविवारी मैदानावर नेलं. उडालं छान. झाडांच्या पलीकडं गेलं आणि एकदम थरथरलं. नाक खाली. आत्या रिमोटची दांडी ओढतेय, विमान ऐकेना. आतोबांच्या हातचं एवढं एकच उरलं होतं. बाकीची केव्हाच मोडली होती. गिरक्या घेत जवळ आलं तेव्हा कुठं परत ताब्यात आलं, आणि कसंबसं टेकलं.

विमानवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी धावत आला. झाकण उचललं आणि ओरडलाच, "चुंबक? रिसिव्हरच्या डोक्यावर चुंबक? आत्याबाई, ही पर्स आहे होय?"

"पर्स असती तर तुम्हाला विकली असती," आत्या म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नका. इथं पोरंबाळं फिरतात. परत आणायचं नाही हे विमान."

तो म्हणत होता त्यात खोटं नव्हतं. कुणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?

तेवढ्यात वायसर पुढं आले. आतोबांचे दोस्त, नळ दुरुस्तीवाले. नळाचे वायसर बदलायचे, म्हणून सगळे त्यांनाच वायसर म्हणायचे. "वहिनी, भांडू नका. तपासू. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

त्यांनी विमान गवतावर ठेवलं. रिमोटची एरियलची काडी आत ढकलली, म्हणजे सिग्नल कमी होऊन बिघाड जवळच कळतो, आणि दांडी हलवत मागं मागं चालत निघाले. दांडी हलवली की शेपटी हलायला पाहिजे. ते थोडंच लांब गेले आणि शेपटी वेड्यासारखी फडफडली.

"बघा! चुंबक!" सेक्रेटरी.

"थांबा हो." वायसर परत आले. झाकण चुंबकासकट काढून पार बाकड्यावर नेऊन ठेवलं. परत चालले. आत्या शेपटीवरची नजर काढेना. त्याच जागी फडफडली.

"आता चुंबक कुठाय?" वायसरांनी विचारलं. आत्याला मात्र नवाच घोर. चुंबक असता तर काढून टाकला असता. आता काय काढायचं?

वायसरांनी विमानाच्या पोटात बोट घातलं. "वहिनी, ही तार कुणी गुंडाळली?"

रिसिव्हरची दोन हात लांब तार. रिळावर भरावी तशी गोल गुंडाळून वर चिकटपट्टी.

"मी. लोंबत होती. बरं दिसत नव्हतं."

"अहो, तो त्याचा कान आहे! मुरगाळून ठेवलात, मग ऐकेल कसं?"

आत्यानं कपाळाला हात लावला. चिकटपट्टी स्वतः सोलली, तार सरळ करून शेपटीपर्यंत नेली, टोक मागं सोडलं. झाकण टक्कन लावलं, चुंबकासकट. वायसर परत चालत गेले. एवढे लांब गेले की त्यांची टोपीच दिसत होती, तरी शेपटी सांगितलं तशी हलत होती.

"मी उडवणार," आत्या म्हणाली. "आत्ताच. घरी गेले तर परत धीर व्हायचा नाही."

सेक्रेटरीनं पोरांना मागं घेतलं. आत्यानं काडी बाहेर ओढली. विमान वर गेलं. झाडांकडं वळलं. झाडांच्या पलीकडं गेलं, बारीक झालं. आत्यानं दांडी वळवली. क्षणभर काहीच नाही. मग पंख कलला आणि ते माघारी फिरलं.

चाकं गवताला लागली तशी आत्यानं धावत जाऊन विमान उचललं.

सेक्रेटरी म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता नेऊन जपून कपाटात ठेवा."

"कपाटात? पुढच्या रविवारी येणारे मी."

आलीपण. आजारी पडेपर्यंत येतच राहिली.