वाटीवरचा चमचा

लढाईच्या दिवसांत मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात कारकून होतो. माझ्या शेजारच्या खोलीतली बाई तिथल्या चादरी धुवायची. बोलण्याआधीच हसायची. तिचा नवरा तिथलाच वाढपी. संध्याकाळी दोघं बरोबरच परतायची. तो "लय दमलो" म्हणत पडवीत आडवा व्हायचा, ती चूल पेटवायची.

एकदा ती चुलीकडे गेलीच नाही. पडवीत पाटावर बसली आणि हॉटेलातले पाहुणे वाजवतात तसा तिनं वाटीवर चमचा वाजवला. डुलकी लागलेला नवरा ताडकन उठला. "आलो, साहेब."

"पानी आना जरा," ती म्हणाली.

खांद्यावर फडकं टाकून त्यानं ताटलीतून पेला आणला, तेव्हा कुठं त्याला जाग आली. दोघं पोट धरून हसली.

मग तो चमचा रोजच वाजू लागला, आणि इकडे माझी बायको माझ्याकडे बघू लागली.