शेषरावकाकांचा तराजू आणि सावडीची शाळा

आमच्या डोणगावात शेषरावकाकांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही, असा माणूस अजून जन्मायचा आहे. दूधवाल्यादेखत ते दुधाचा थेंब नखावर धरून बघतात. देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगतात. आयुष्यभर एका अडत्याकडे मापारी होते, शेतकऱ्यांचा माल तोलायचं काम. पोतं आलं की लोखंडी सळई खुपसून तळाचा दाणा काढायचे. "वर मोती, खाली माती," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते स्वतः कसं तोलत, याची गावात कुजबुज होती. पण मापाऱ्याशी वाकडं कोण घेणार? पुढच्या हंगामात माल पुन्हा त्याच्याच हाताखालून जायचा.

त्यांची नात छकुली बोलताना अडखळते. शाळेत ती शब्दाशी झगडत असायची, तेवढ्यात बाकीची पोरं तो शब्द पुरा करून हसायची. शेवटी तिनं तोंड उघडणंच सोडलं. तेव्हा तिची आई कोकिळा आणि शेजारच्या शैलजाताई या दोघींनी घरशाळेचा घाट घातला. शैलजाताई बीएड होऊन घरीच बसलेल्या. आम्ही पाच घरं जमलो. फी नाही, सावड. शेतात करतो तशीच, आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू. एकेका दिवशी एकेका घरानं सगळ्या मुलांना शिकवायचं. पाळी चुकवली की ते घर बाहेर, सबब ऐकायची नाही.

"फुकट?" काका मला म्हणाले. "फुकटचं पोतं आंधी फोडून पाहा लागते. हे शैलजा इलेक्शनले उभी राहून राह्यली का?"

"नाही हो काका."

"मंग काऊन करून राह्यली?"

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही पडला होता. आजकाल उगाच कोण कोणासाठी राबतं? आमचा मुलगा देवेश तिथं जायचा, म्हणून मीही शैलजाताईंच्या घरावरून विनाकारण चकरा मारल्या. काहीच सापडलं नाही, त्यानं संशय आणखी वाढला.

काकांनी तर सुनेला बजावलंच, "एक खडा सापडू दे, पोरगी मेहकरच्या वसतिगृहात." तिथं आपली पोर कायमची मुकी होईल, अशी कोकिळाला धास्ती.

मग ज्या घरी शाळा, त्या घराच्या ओट्यावर काका सुपारी कातरत बसू लागले. छकुली अडखळली की सगळी मुलं गप्प व्हायची. कोणी शब्द सुचवायचं नाही, कोणी हसायचं नाही. तिचं वाक्य तिनंच पुरं करायचं, हा शैलजाताईंचा नियम. काकांना सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

"इतके लेकरं एकाच टायमाले चूप बसतात?" त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काहीतरी चारून राह्यली ही बाई."

दिवाळीनंतर माहेरी, वडनेर भोलजीला, कोकिळाची आई पडली, पाय मोडला. कोकिळाला निघावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पाळी तिच्याच घराची. जाताना ती सासऱ्यांना एवढंच म्हणाली, "मामाजी, पाळी चुकवू नका." आता काका मुद्दाम पाळी बुडवणार आणि पोरीला मेहकरला धाडणार, असं मी धरून चाललो होतो. पण सावड बुडवणारं घर म्हणून नाव निघणं त्यांना सोसवणारं नव्हतं.

सकाळी त्यांनी माळ्यावरचा तराजू काढून चिंचेनं घासला, तुरीचं पोतं ओढून आणलं. शैलजाताई मदतीला आल्या होत्या, मी नुसता बघायला. काका रंगात आले. सळईनं तळाचा दाणा काढून दाखवला, तूर दाताखाली फोडून ओल कशी ओळखायची ते सांगितलं. मग एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात तूर घालून तराजू उचलला. "पाहा, बराबर किलो!"

छकुली उठली. "आ... आबा, तुमचं बो... बो..."

"बोल न माय भरभर! बोचकं? बोरं?"

"आबा, थांबा!" सगळी मुलं ओरडली. "तिचं तिले बोलू द्या."

काकांना असं कोणी कधी दटावलं नसेल. तराजू हातात तसाच लटकत होता. त्यांनी छकुलीकडे पाहिलं, मग दांडीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढचा शब्द त्यांना कळला होता. तरी सगळी मुलं तिच्यासाठी थांबली होती, म्हणून त्यांनाही थांबावं लागलं.

"बोट काढा दांडीवरचं."

काकांनी बोट काढलं. तुरीचं पारडं धाडकन खाली गेलं.

माझ्या बापानं वर्षानुवर्षं याच माणसाकडून तूर तोलून घेतली होती, जास्त देऊन कमीचे पैसे घेतले होते, आणि मान खाली घालून घरी आला होता. मला राग आला, आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला.

काका शैलजाताईंवर उसळले. "हे तुम्ही शिकवलं तिले?"

त्यांच्याआधी छकुलीनंच तोंड उघडलं. "म... म..."

या वेळी काकांना थांबवावं लागलं नाही. तराजू खाली ठेवून ते नातीच्या तोंडाकडे बघत बसून राहिले.

"मी पाह्यलं," ती म्हणाली.

मेहकरचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.