उजव्या वळणाचे दाजी

आमच्या दाजींनी आयुष्यात कधी सुटलेली बस पकडायलासुद्धा धाव घेतलेली नाही. पण हैदराबादच्या रेसकोर्सवर ते जेवढ्या शर्यती जिंकले, तेवढ्या अख्ख्या दख्खनेत कुणी जिंकल्या नसतील. त्या शर्यतींत प्रत्यक्ष पळायचं काम एका घोड्याने केलं होतं, ही गोष्ट ते लपवत नाहीत. सांगतात, पण अशा सुरात, की घोड्याचीही थोडीफार मदत झालीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, यजमान. हुमनाबादला हायवेच्या कडेला त्यांचं लॉरीच्या झिजलेल्या टायरांना नवं रबर चढवून द्यायचं दुकान आहे. अशाच एका खेपेला रबर आणायला ते हैदराबादला गेले होते. माल तयार व्हायला संध्याकाळ होणार होती, म्हणून तिथल्या व्यापाऱ्याने वेळ घालवायला त्यांना रेसकोर्सवर नेलं. तिथे त्यांनी तो घोडा पाहिला. गर्द तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा आणि नाव ‘बादशाही फर्मान’. शेवटच्या वळणापर्यंत हा प्राणी सगळ्यांच्या मागून, सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा रमतगमत आला, आणि वळण संपल्यावर असा सुटला की बाकीचे घोडे उभे असल्यासारखे दिसले. दाजी परत आले ते रबर तिथेच विसरून. तेव्हापासून दर हंगामात त्यांच्या रबराच्या खेपा वाढल्या. हुमनाबाद तालुक्यातल्या सगळ्या लॉऱ्यांना पुरून उरेल एवढं रबर दुकानात साठलं आणि दाजी त्याच ढिगावर बसून गिऱ्हाइकांना बादशाच्या शर्यती सांगू लागले.

त्या नुसत्या सांगून त्यांचं भागत नसे. लग्नाच्या पंगतीत बसले की पानावरच्या लाडवाचा बादशा व्हायचा, भज्यांचे बाकीचे घोडे व्हायचे आणि मिठाजवळचं वळण आलं की लाडू सगळ्या भज्यांना मागे टाकून थेट तोंडात जायचा. स्वतःच्या मुलाची इयत्ता त्यांना सांगता येत नसे, पण बादशाची आई कुठली, आईची आई कुठली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तयार. “आईकडनं आयर्लंडचा हाय, बापाकडनं इंग्लंडचा,” असं ते सांगू लागले की अक्का आतून म्हणायची, “माज्या आज्याचं नाव इचारा त्येंना.” माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही त्यांना भालकीला नेलं, ही आमचीच चूक. मुलाचे वडील शेती-नोकरीची माहिती देत होते. दाजींनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, “तीन पिढ्यांत कुणाचा पाय गेलाय का?” आणि मुलाला अंगणात एक चक्कर मारून दाखवायला सांगितलं. ते स्थळ मोडलं. मुलगा टाचा घासत चालत होता, असं दाजींचं अजूनही म्हणणं आहे.

पुढे बादशाने शर्यती सोडल्या. “मन भरलं त्याचं. हैदराबादेत एकदाबी हारला न्हाई, मंग पळायचं कामून?” असं दाजी सांगत. एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि टायरांच्या मधून पांढरा टिळा बाहेर आला. घोड्याच्या मालकाला त्याला वरातीवाल्याकडे द्यायचं होतं. दाजींनी हातापाया पडून तो मागून आणला होता. कुणाच्या पाया पडणं हे दाजींच्या स्वभावात नसल्याने हा भाग ते गाळतात; मला तो टेम्पोवाल्याने सांगितला. अक्का हातात उलथणं घेऊन बाहेर आली. तिने घोड्याला खालून वर आणि दाजींना वरून खाली पाहिलं.

“ह्ये खातंय काय?”

“ओट खातंय.”

“मंजे?”

“इंग्लिश ज्वारी.”

“मंग देशी खायला शिकवा,” म्हणून अक्का आत गेली. महिनाभरात तो चॅम्पियन तिच्या हातची शिळी भाकरी खाऊ लागला आणि दाजींपेक्षा तिचं जास्त ऐकू लागला.

लग्नसराई आली तशी माणसं घोडा मागायला येऊ लागली. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडून येतो. त्यासाठी घरासमोर असा राजबिंडा घोडा असल्यावर मागणारच. दाजी सरळ नाही म्हणत नसत. नवरदेवाला बोलावून घेत आणि रबर तोलायच्या काट्यावर उभं करत. मग आकडा बघून दुःखी चेहऱ्याने मान हलवत, “लई वजन भरायलंय. बादशावर बसणारी मानसं तुज्या निम्म्यानं ऱ्हायची.” हळदीच्या अंगाने काट्यावरून उतरणारे असे दोन-तीन जण मी स्वतः पाहिले आहेत. त्यांतला एक अजूनही दाजींच्या दुकानात टायर देत नाही.

पण देव दाजींचा हिशेब वेगळ्याच काट्यावर करत होता. दाजी पक्के शरण, म्हणजे कट्टर लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि तोंडात एकच वाक्य, “ह्ये सोडून दुसऱ्या देवाला आमी हात जोडत न्हाई.” दुकानाच्या मागे मोकळ्या जागेत मारुतीचं देऊळ आहे, पण तीस वर्षांत दाजी त्या बाजूला फिरकले नव्हते, प्रदक्षिणा घालणाऱ्यांना “दगडाभवती फिरून चक्कर येती, पुण्य न्हाई,” असं खुशाल ऐकवत. आता घोड्याला सकाळी फिरवायला तेवढीच एक जागा. आणि हैदराबादच्या मैदानावर घोडे नेहमी उजवीकडे वळत पळतात. बादशाचा सगळा जन्म त्यात गेलेला. मोकळ्या जागेत पाऊल टाकल्याबरोबर तो उजवीकडे वळला, देऊळ उजव्या हाताला ठेवून त्याने रीतसर प्रदक्षिणा घातली, दुसरी घातली आणि दोरीच्या टोकाला आमचे शरण दाजीही ओढले गेले. डावीकडे वळवायला गेलं की तो चारी पाय रोवून उभा राहायचा. चार दिवसांत गावभर झालं, की घोडा मागच्या जन्मीचा पुजारी आहे. देवळापाशी बसणारी एक म्हातारी रोज त्याच्या कपाळाला कुंकू लावू लागली. दाजी घसा फोडून सांगत, “भक्ती न्हाई ती, सवय हाय. हैदराबादचा ट्रॅकच उजवा हाय.” जन्मभर वाटेल त्या थापा पचवलेल्या हुमनाबादने दाजींचं हे एकमेव खरं बोलणं मात्र साफ नाकारलं.

माझं बसवकल्याणला औषधाचं दुकान आहे. त्याच सुमारास दाजी माझ्याकडून दुखण्यावरच्या मलमाच्या बाटल्या नेऊ लागले. अक्काचे गुडघे धरलेत, म्हणाले. बाटल्या एवढ्या खपू लागल्या की मला काळजी वाटून मी एका रविवारी हुमनाबादला गेलो. अक्का माळ्यावर चढून ज्वारीचं पोतं खाली ढकलत होती. गुडघे कसे आहेत, असं विचारल्यावर वरूनच म्हणाली, “माज्या गुडघ्याला काय धाड भरलीय?” दाजींनी मला गुपचूप मागच्या गोठ्यात नेलं. बादशाच्या पुढच्या डाव्या पायाला माझ्या दुकानाचा वास येत होता.

“शीर गेलीय,” दाजी म्हणाले. “म्हून सोडवला शर्यतीतनं. चालंल, फिरंल. पर एकदा का जोरात पळला, की पाय गेला म्हन. आन् घोड्याचा पाय गेला की घोडा गेला. कुनाला बोलू नगंस.”

“मन भरलं म्हणून सोडलं म्हणत होता ना तुम्ही?”

“त्येचं न्हाई भरलं,” दाजी म्हणाले आणि मलम चोळत बसले.

हे गुपित ठेवायचं तर तोंड बंद ठेवायला हवं होतं, आणि ते दाजींना कधी जमलेलं नाही. मुडबीचा एक गुळाचा व्यापारी चहाच्या गाड्यावर यायचा. त्याच्याकडे पांढरी घोडी होती आणि त्यांच्याकडच्या जत्रेत ती दर वर्षी पहिली यायची. एक दिवस तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, तुमचा घोडा मैदानात पळला व्हता का तुमच्या टायरावर?” दाजींची जीभ ही दाजींच्या आधीच सुटणारी. “यंदाच्या जत्रंत बघ,” ती म्हणून गेली.

त्या दिवसापासून अक्काने दाजींशी बोलणं टाकलं; गोठ्यातल्या मलमाच्या वासावरून तिने पायाचं कधीच ओळखलं होतं. दाजींना शब्द मागे घेता येईना; दुकान, पंगत, चहाचा गाडा, सगळीकडे त्यांची जी काय किंमत होती ती ह्या घोड्यावर उभी होती. काहीतरी सबब काढतील, असं मला वाटलं होतं. पण जत्रेच्या दिवशी बादशा टेम्पोत चढला. दुकानातला सर्वांत हलका कामगार रंगीत सदरा घालून तयार झाला. हुमनाबादची निम्मी बाजारपेठ मोबाईल वर धरून मैदानात उभी होती.

घोडे ओळीत आले. लोक ओरडले आणि बादशाने कान उभे केले. आजवर मी त्याला भाकरी खाताना आणि कुंकू लावून घेताना पाहिलं होतं. मान वाकवून, अंगावर शहारे घेत उभं असलेलं हे जनावर मी पाहिलेलं नव्हतं. दाजींची इतकी वर्षं थट्टा केली, तरी त्या क्षणी सगळं माहीत असून मला मनापासून वाटलं, पळू दे याला. दाजी मात्र त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी कामगाराला खाली उतरायला सांगितलं.

“का वो? घोडा आजारी हाय का?” व्यापाऱ्याने विचारलं. त्याने बिचाऱ्याने आयती वाट करून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

“घोड्याला काय धाड भरलीय?” दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “वाऱ्यागत पळंल घोडा. माजीच छाती न्हाई. भ्यालो मी.”

लोकांनी जी हुर्यो उडवली ती उडवली. ताशा वाजला, घोडी सुटली, आणि बादशानेही झेप घेतली. दाजी दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळले, धुळीतून फरफटत गेले, आणि कसंबसं त्याचं तोंड उजवीकडे वळवलं. उजवं वळण आल्यावर तो थोडा थंडावला. मग मैदानाच्या कडेला दाजी त्याला उजवीकडे फिरवत राहिले, धूळ बसेपर्यंत. त्यांचं धोतर फाटलं होतं आणि लोक त्याचेही फोटो काढत होते.

परत येताना टेम्पोत मी म्हणालो, “आजारी आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?”

“मंग लोक काय म्हनले असते? बादशा लंगडा हाय. त्येच्या नावावर एक हार न्हाई, तसलं काय लागू द्यायचं न्हाई. दाजी भेकड हाय, म्हनू दे.”

तसं हुमनाबाद अजून म्हणतं. ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट वाढवून सांगितली त्या दाजींनी ह्या एका गोष्टीत कुणाला कधी दुरुस्त केलं नाही. मी आज हे लिहितोय ते एकाच भरवशावर: दाजींची शाळा कन्नडची, मराठी ते बोलतात, वाचत नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षं अक्काची भाकरी खाऊन गेल्या थंडीत बादशा गेला, आपल्या गोठ्यात, म्हातारपणाने. अक्का दोन दिवस जेवली नाही. परवा मी मुक्कामाला होतो. सकाळी दाजी निघाले तसा मीही सोबत निघालो. हात रिकामे, पण उजवी मूठ दोरी धरल्यासारखी आवळलेली. देवळापाशी आल्यावर ते उजवीकडे वळले आणि मारुतीला प्रदक्षिणा घालू लागले. कुंकवाची म्हातारी होती. तिने बाजूला सरून वाट दिली.

“दाजी,” मी म्हणालो, “आता कामून?”

“त्येला सवय हाय,” दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या फेरीला लागले. मीही त्यांच्या मागून उजवीकडे वळलो.