वाजू नये म्हणून केलेलं यंत्र

आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं दुरुस्त केली, पण वाजू नये अशी मनोमन प्रार्थना करत बनवलेलं यंत्र एकच. टॉर्चएवढं, प्लास्टिकच्या पाइपात बसवलेलं, टोकाशी धातू आला की कर्कश ओरडणारं. त्याला पिनपॉइंटर म्हणतात. जमिनीतला धातू शोधणारी मोठी, थाळीवाली यंत्रं ‘इथे कुठेतरी आहे’ एवढंच सांगतात. नेमकं कुठे, ते मातीत हे छोटं यंत्र खुपसल्यावर कळतं. मला शोधायचा होता आईच्या गणपतीचा सोन्याचा हार.

आई कोपरीला एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, स्वतःचं घर, स्वतःचा स्वयंपाक. दीड दिवसाचा गणपती तिच्याकडेच असतो आणि आम्ही डोंबिवलीहून जातो. मूर्ती शाडूची, विसर्जन गॅलरीतल्या टबात. माती विरघळली की ती खाली गेटजवळच्या वाफ्यात ओतायची, ही त्या सोसायटीची पद्धत. सगळ्या घरांचे गणपती तिथे एकत्र होतात आणि त्यावर जास्वंद फोफावते.

त्या वर्षी माती वाफ्यात गेल्यावर आठवड्याने आईने कपाटातली डबी उघडली आणि ती रिकामी निघाली. मूर्तीच्या अंगावरचे दागिने उतरवायचं काम कायम आईचं. पण ती लगेच मला म्हणाली, “मी तुला विचारलं होतं. तू काढला म्हणालास.”

“आई, तू मला काहीही विचारलेलं नाहीस,” मी म्हणालो. छातीठोकपणे म्हणालो, कारण मला तसंच आठवत होतं. एका बाजूला अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दुसऱ्या बाजूला इंजिनिअर मुलगा. कोणावर विश्वास ठेवायचा, याचा कोणाला प्रश्नच पडला नाही.

माझी ताई माजिवड्याला राहते. तिने फोनवर निकालच दिला. “अरे, आज हार विसरली, उद्या गॅस विसरेल. एकटी नाही ठेवायची आता. घर भाड्याने देऊ आणि तिला माझ्याकडे आणू.” मी हादरलोच. एका हारावरून ती आईचं घर मोडायला निघाली होती. मी म्हटलं, “आधी मला मातीत बघू दे. घरातच कुठे ठेवला असेल तर?” ताई थोडी नरमली. “बघ. पण मातीत निघाला, तर आई माझ्याकडे.” मला हो म्हणावं लागलं.

म्हणून हे यंत्र. बायको म्हणाली, “अहो, विकत मिळत असेल ना ते?” मिळतं. पण सारा जन्म कारखान्यात मीटर आणि सर्किटं उघडण्यात घालवलेल्या माणसाने ते विकत आणायचं म्हणजे नाक कापून घेणं. बंद पडलेल्या रेडिओतली फेराइटची काळी कांडी काढली, तिच्यावर लाखेचा लेप दिलेली तांब्याची तार हाताने वेढे मोजत गुंडाळली. जोडीला दोन ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टचा सेल. कांडीजवळ धातू आला की सर्किटची लय बिघडते आणि बझर वाजतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

पहिल्या दिवशी ते थांबेचना. हवेत धरलं तरी बोंबलतंय. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, सेलचं पत्र्याचं कवच कांडीच्या फार जवळ बसलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. सेल दुसऱ्या टोकाला नेला. मग ओल्या मातीत उगाचच वाजायला लागलं, म्हणून कांडीभोवती स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळली, मध्ये बारीक फट ठेवून. शेवटी बायकोची अंगठी तुळशीच्या कुंडीत पुरली. दोन बोटं अंतरावरून यंत्र वाजलं आणि बायकोने अंगठी आधी ताब्यात घेतली, मग माझं कौतुक केलं.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. दर रविवारी मी कोपरीला जात होतो. पहिल्या रविवारी आई माझ्याशी भांडली. “मी विचारलं होतं,” हे तिने चारदा सांगितलं आणि मी चारदा नाही म्हटलं. दुसऱ्या रविवारी ती त्या विषयावर बोललीच नाही. तिसऱ्या रविवारी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली. फळ्यावर लिहायची तशा सरळ, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गॅस बंद केला. पुन्हा पाहिला.’ त्याखाली तारखा आणि बरोबरच्या खुणा. एकही दिवस सुटला नव्हता, ते बघून वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी थोडं हायसंही वाटलं, की चला, चुकत आईच होती. हे वाटलं याची आज मला लाज वाटते.

चौथ्या रविवारी सकाळी आम्ही वाफ्यात उतरलो. मी, बायको आणि सोसायटीचा माळी, ज्याला काय शोधतोय ते सांगितलं नव्हतं. यंत्र वाजत राहिलं आणि आम्ही खणत राहिलो. खिळे निघाले, बाटलीची बुचं, बांधकामाच्या वेळची गंजलेली तार, कुणाच्या तरी कलशातलं नाणं. प्रत्येक आवाजाला मी घाबरत होतो आणि प्रत्येक खिळा बघून खूश होत होतो. माळ्याला वाटलं असेल, साहेबांचं डोकं फिरलंय.

कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या मुळाशी ते पुन्हा वाजलं. मी बोटांनी माती बाजूला केली. करड्या शाडूत पिवळं काहीतरी चमकलं. सगळा हार तिथेच होता, एक कडीही तुटलेली नव्हती. आईचं घर गेलं, हाच पहिला विचार मनात आला.

बायकोने वर गॅलरीकडे बघून हाक मारली, “आई, हार मिळाला.”

माळी खुरपं पुसत म्हणाला, “कुठला हार? फुलांचा तर कवाच कुजला असता.”

मी तसाच बसून राहिलो. कारण एकाएकी मला तो टब दिसला, आणि टबाशी उभा मी, हातात झेंडूचा ओला हार. निर्माल्याच्या पिशवीत तो टाकत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून वाटली डाळ परतता परतता आईने विचारलं होतं, “हार काढलास ना रे?” आणि मी हातातल्या झेंडूकडे बघून म्हटलं होतं, “काढला.”

तिने विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं. तिचा हार सोन्याचा होता आणि माझा झेंडूचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी सख्ख्या आईला दिली होती, तीही इतक्या खात्रीने की तिने स्वतःच गळा पुढे केला.

मातीच्या हातांनी जिना चढलो. आईने हाक ऐकली होती. पलंगावर तिची प्रवासाची बॅग उघडी होती आणि ती कपाटातून साड्या काढत होती.

“आई, थांब. तू विचारलं होतंस. डाळ परतत होतीस तेव्हा. मी फुलांचा समजलो. चूक माझी आहे, तू काहीही विसरली नाहीस.”

तिने हार माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, डबीत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याचा अपराध अंगावर घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे बाई बघतात, तसं.

“मी विचारलं होतं?” ती म्हणाली. “मला नाही रे आठवत.”

“अगं, तूच मला चारदा सांगितलंस.”

“सांगितलं असेन. तुम्ही सगळे म्हणालात ना, नव्हतं विचारलं म्हणून.” तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझा स्वभावच मऊ. पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. ताईला फोन लाव, मी येते म्हणून सांग.”

मी शपथ घेतली, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, बायकोला बोलावून सांगायला लावलं. आई हो हो म्हणत ऐकत होती आणि साड्या घडी करून बॅगेत ठेवत होती.